ताटातला चुलीशिवायचा वाटा

आमच्या घरी कच्चं खाणं वाढलं ते सासऱ्यांच्या साखरेमुळे. डॉक्टरांनी भात कमी आणि भाजी जास्त खायला सांगितली, आणि मी उत्साहाच्या भरात सगळा स्वयंपाकच बदलायला निघाले. दोन महिने मी स्वतः जवळजवळ सगळं कच्चंच खाल्लं. सकाळी फळं, दुपारी मोड आणि कोबी, रात्री परत तेच. पोट फुगायचं, संध्याकाळी अंगातलं त्राण जायचं. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगो, आपल्या जेवणात करम असतंच, सोलकढी असते, दिवाळीला रोसातले फोव असतात. तेच रोजचं कर की." करम म्हणजे कोशिंबीर, आणि रोसातले फोव म्हणजे नारळाच्या रसातले पोहे.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. गोव्याच्या स्वयंपाकात चुलीशिवायचे पदार्थ आहेतच, त्यांचा वाटा वाढवायचा. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. शिजवताना विस्तव आपल्यासाठी जंतू मारण्याचं काम करत असतो. कच्चं खायचं तर ते काम आपल्या हातांना करावं लागतं, निवडण्यात, धुण्यात आणि वेळ सांभाळण्यात. म्हणून या लेखात पाककृतींपेक्षा धुण्याला जास्त जागा दिली आहे.

किती कच्चं खायचं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांत ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. घरात वजनकाटा असेल तर एकदा ४०० ग्रॅम भाजी ताटात मांडून बघा, आपण रोज किती कमी खातो ते कळेल. आम्ही या भाजीतला साधारण तिसरा हिस्सा कच्चा खातो, म्हणजे माणशी मोठी वाटीभर करम. बाकीची शिजवून.

सगळी कच्ची का नाही? कारण दोन्हींचा फायदा वेगळा आहे. क जीवनसत्त्व उकळल्यावर बरंच कमी होतं, ते कच्च्यातून छान मिळतं. उलट टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं कॅरोटीन शिजवल्यावर आणि सोबत थोडा स्निग्ध पदार्थ असल्यावर शरीराला जास्त मिळतं. करमात खोबरं घालायची आपली रीत त्या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. कच्च्या अन्नाचे कट्टर पुरस्कर्ते ४६ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर काहीही तापवत नाहीत, कारण त्यांच्या मते भाजीतली एन्झाइम्स मरतात. पण ती एन्झाइम्स प्रथिनंच असतात आणि बहुतेक आपल्या जठरातल्या आम्लात तशीही मोडतात. त्या कारणासाठी भात-आमटी सोडायची गरज नाही. शिवाय फक्त वनस्पतींवर, त्यातही कच्च्यावर राहिलं तर बी-१२ मिळत नाही. ते बाहेरून घ्यावं लागतं.

बाजारात

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी सकाळी लवकर जाते. आसपासच्या गावांतल्या बायका तांबडी भाजी, मुळा, तवशीं म्हणजे काकड्या, मिरच्या घेऊन जमिनीवर बसलेल्या असतात. "आयजच खुडल्या गो बाय," असं कुणी म्हणाली तरी मी जुडीचं बूड बघते. कापलेला भाग पांढरा, ओलसर असेल तर भाजी खरंच आजची. तपकिरी, सुकलेला असेल तर ती शिजवायची भाजी, कच्ची खायची नव्हे. गोव्यात येणारी बरीच भाजी बेळगावहून येते आणि तिच्यात वाईट काही नाही, फक्त तिने प्रवास केलेला असतो. गाजर, कोबी, बीट यांना प्रवास सोसतो, पालेभाजीला नाही. म्हणून पालेभाजी गावठी आणि कंदमुळं कुठलीही, असा माझा नियम.

ऋतूप्रमाणे गेलं की निवड सोपी होते. हिवाळ्यात मुळा, नवलकोल, गाजर, टोमॅटो, कांद्याची पात. एप्रिल-मेमध्ये कैरी, बोंडू, म्हणजे काजूची फळं, ताजी भिंडां, म्हणजे कोकमाची फळं, आणि मानकुराद आंबा. पावसाळ्यात तवशीं आणि चवथीच्या सुमारास चिबूड. चिबडाच्या फोडी नारळाच्या रसात गूळ घालून खाल्ल्या की जेवणानंतर दुसरं गोड लागत नाही. केळी वर्षभर असतातच, आणि सालदाटी किंवा मयडेची केळी मिळाली तर मी दुसरं फळ शोधत नाही.

कापून ठेवलेली फळं विकत घेऊ नका, कितीही स्वच्छ दिसली तरी. कापलेल्या भागावर जंतू वाढायला गोव्याची दमट हवा पुरेशी असते.

धुणं

बहुतेक घरांत जुडी नळाखाली धरून दोनदा हलवली की धुणं झालं असं मानतात. शिजवायच्या भाजीला ते एकवेळ चालतं, कच्चीला अजिबात नाही.

भाजी घरी आली की मुळं कापून जुडी सोडा आणि पानं सुटी करा. सडलेलं, पिवळं, भोकं पडलेलं पान बाजूला काढा. एका मोठ्या टोपात भरपूर पाणी घेऊन पानं त्यात बुडवा, हाताने हळू हलवा, आणि मग पानं वर उचलून घ्या. टोप उपडा करून चाळणीत ओतू नका, कारण तळाशी बसलेली माती परत पानांवरच पडते. पाणी बदलून असं निदान तीनदा करा. तळाशी रेती दिसायची थांबली की पुढचं.

यानंतर मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवतात. मीही ठेवते, पण त्याने काय होतं आणि काय होत नाही ते समजून घ्या. पानाला चिकटलेल्या अळ्या, किडे, बारीक गोगलगायी सुटून पडतात. जंतू मरत नाहीत आणि जंतांची अंडीही मरत नाहीत. व्हिनेगर, एक भाग व्हिनेगरला तीन भाग पाणी, पाचेक मिनिटं ठेवलं तर जंतूंची संख्या कमी होते, पूर्ण जात नाही. साबण मात्र कधीही नको, भाजी तो शोषून घेते. शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करा, म्हणजे गाळलेल्या किंवा उकळून गार केलेल्या. विहिरीचं पाणी असेल तर पावसाळ्यात ते उकळल्याशिवाय कच्च्या भाजीला लावू नका. जून-जुलैत विहिरीत काय काय वाहून येतं ते विहीरवाल्या घरांना सांगायला नको.

धुतलेली भाजी जुन्या, स्वच्छ सुती पंचावर पसरून कोरडी करा. हा टप्पा लोक गाळतात आणि मग फ्रिजमध्ये पानं काळी पडली म्हणून भाजीवाल्याला दोष देतात. ओलं पान दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होतं, कोरडं पान पंचात गुंडाळून ठेवलं तर तीन दिवस टिकतं.

कोबीबद्दल थोडं जास्त. बाहेरची दोन-तीन पानं टाकून द्या, मग प्रत्येक पान सुटं करून धुवा. पट्टकृमीची अंडी मैल्याने दूषित झालेल्या माती-पाण्यातून भाजीवर येतात, आणि ती पोटात जाऊन मेंदूत गाठी झाल्याचे, त्यातून फिटचे झटके आल्याचे रुग्ण आपल्या देशात आहेत. कोबी वाईट नाही, पण त्याच्या पानांच्या घड्या पाण्याला आत जाऊ देत नाहीत. मला घाई असेल त्या दिवशी मी कोबी कच्चा करतच नाही.

साल काढायची भाजी, मग ते तवशें असो की गाजर, आधी धुवायची आणि मग सोलायची. न धुता सोललं तर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते.

आदोळी वेगळी, फळी वेगळी

गोव्यातल्या घरांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे. आपल्याकडे ज्या आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ किसतात त्याच आदोळीवर बांगडे कापतात. माशाचं कालवण शिजतं, म्हणून आजवर कुणाचं बिघडलं नाही. पण त्याच पात्यावर मुळा चिरून कच्चा खाल्ला तर मधे विस्तव येतच नाही. एक सुरी आणि एक फळी फक्त कच्च्यासाठी ठेवा. आम्ही फळीला लाल दोरा बांधला आहे, म्हणजे घरात कुणीही स्वयंपाक केला तरी चूक होत नाही. फ्रिजमध्ये मासे सगळ्यात खालच्या कप्प्यात झाकून, आणि कच्ची भाजी वर, कारण माशाचं पाणी खालीच गळतं.

बाकी उपकरणांची गरज नाही. किसणी, चाळणी, दोन मोठे टोप, मिक्सर. रगडा असेल आणि वेळ असेल तर चटणी रगड्यावर वाटा.

करम

करम म्हणजे आमची कोशिंबीर. दही घालायलाच हवं असं नाही, जीव असतो तो खोबऱ्यात आणि मिरचीत.

एक मध्यम तवशें घ्या. टोकाची चकती कापून आधी चाखा. कडू लागलं तर सगळं टाकून द्या, मीठ लावून, चोळून वाचवायचा प्रयत्न करू नका. काकडी, दुधी, दोडका या कुळातला कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी घटकाचा असतो. कडू दुधीचा कच्चा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. सकाळी अनशापोटी दुधीचा रस घेणाऱ्या प्रत्येकाने रोज आधी चाखूनच पुढे जावं, आणि रस कधीही कडू लागला तर थुंकून टाकावा.

तवशें गोड निघालं की सोलून, मोठ्या बिया काढून बारीक चिरा. अर्धी वाटी ओलं खोबरं, एक हिरवी मिरची आणि चिमूटभर मीठ हाताने चुरडा. मिक्सर नको, खोबऱ्याचा चुरडलेला रस हवा. तो तवशात मिसळा, वर लिंबू पिळा, कोथिंबीर घाला. हे मीठ-खोबरं वाढायच्या वेळीच तवशात मिसळायचं, आधी मिसळलं तर दहा मिनिटांत वाटीत पाणी साचतं. ज्यांना फोडणी हवी त्यांनी वरून खोबरेल तेलात मोहरी तडतडवून घालावी, करमाचं काही बिघडत नाही.

हेच मुळ्याचं करा, पण मुळा किसून पाच मिनिटं ठेवा म्हणजे उग्र वास उतरतो. मुळ्याचा कोवळा पालाही बारीक चिरून त्यात जातो. नवलकोल सोलून काड्या करा आणि लिंबाऐवजी माडाच्या सुरेचं व्हिनेगर घाला, चमचाभर पुरतं. त्या व्हिनेगरचा आंबटपणा मऊ असतो, बाटलीतल्या पांढऱ्या व्हिनेगरसारखा घशाला लागत नाही. कैरीच्या दिवसांत कैरी, कांदा, गूळ आणि काणकोणच्या खोला गावची सुकी मिरची भाजून चुरून. या करमाला आमच्या घरी भात कमी पडतो, म्हणून सासऱ्यांच्या ताटात मी ते जपून वाढते.

गाजराचं करम मी खोबऱ्याशिवाय करत नाही. कारण वर आलंच आहे.

सोलकढी आणि रोसातले फोव

सोलकढी चार माणसांसाठी: आठ-दहा सोलां, म्हणजे कोकमाची सुकवलेली सालं, अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा. एका नारळाचं खोबरं, दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची वाटीभर कोमट पाण्यात वाटून पंचातून पिळा, हा पहिला रस. चोथ्यात आणखी वाटीभर पाणी घालून दुसरा रस काढा. दोन्ही एकत्र करून कोकमाचं पाणी गाळून घाला, मीठ घाला. सोलांमध्ये आधीच मीठ असतं, म्हणून चाखल्याशिवाय घालू नका. चुलीवर ठेवू नका, रस फुटतो. दोन तासांच्या वर ओट्यावर राहिली तर मी ती कुणाला देत नाही. नारळाचा रस उन्हाळ्यात फार लवकर आंबतो. नारळ चालत नसेल त्या दिवशी फक्त सोलांचं पाणी, मीठ, जिरंपूड: हे झालं तिवळ.

रोसातले फोव दिवाळीपुरते ठेवू नका. जाड पोहे दोन वाट्या धुऊन निथळत ठेवा. एका नारळाच्या दाट रसात पाऊण वाटी किसलेला गूळ विरघळवा, वेलची आणि चिमूटभर मीठ घाला, पोहे त्यात सोडा, पंधरा मिनिटांनी खा. माडाचा गूळ मिळाला तर त्याची चव वेगळीच. पोहे बनतानाच भात भिजवून भाजलेला असतो आणि गूळही आटवलेला, म्हणजे हा पदार्थ काटेकोर अर्थाने कच्चा नाही. पण घरात चूल पेटवावी लागत नाही आणि तेलाचा थेंब लागत नाही. साखरेच्या रुग्णाने मात्र हे ताकातल्या फोवांवर भागवावं: पोहे, ताक, मीठ, आलं, मिरची.

मोड

मोडांबद्दल मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण आमच्या घरात चूक इथेच झाली. एका जुलैत मी मूग भिजवून कपड्यात बांधून दीड दिवस तसेच ठेवले. थोडा वास येत होता, पण मोड लांब आले म्हणून मी खूश होते. लिंबू पिळून मुलीला वाटीभर दिले. तिला दोन दिवस जुलाब झाले. तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचलं की मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, आणि बियाच्या भेगेत शिरलेला जंतू धुऊन निघत नाही. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायने ५० हून अधिक माणसं गेली.

म्हणून आता असं करते. मूग निवडून चार पाण्यांनी धुते. उकळून गार केलेल्या पाण्यात सहा ते आठ तास भिजवते, तरंगणारे टाकून देते. पाणी पूर्ण निथळून चाळणीत पातळ थर पसरते, वर पिळलेला ओला पंचा घालते. गाठोडं बांधत नाही, आतली वाफ अडकते. दर पाच-सहा तासांनी पिण्याच्या पाण्याने धुऊन परत निथळते. मे महिन्यात रात्री पसरलेल्या मुगाला सकाळी मोड असतात, डिसेंबरात पुरा दिवस जातो. मोड अर्धा-पाऊण सेंटीमीटर झाले की थांबायचं आणि लगेच फ्रिजमध्ये. दोन दिवसांच्या आत संपवायचे. बुळबुळीत झाले किंवा आंबूस वास आला तर खताच्या खड्ड्यात. एका वाटीचे अडीच-तीन वाट्या होतात, म्हणून अर्धी वाटीच भिजवा.

कच्चे खायचे तर मूठभर, त्यावर लिंबू, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व मुगातलं लोह शरीरात घ्यायला मदत करतं. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाया, वयस्क आणि आजारी माणसं यांना मोड वाफवूनच द्या. जून ते सप्टेंबर आमच्या घरी वाफवल्याशिवाय कुणालाच नाहीत. मोड जास्त झाले तर नेहमीची मुगागाठी, म्हणजे खोबरं घातलेली मोडांची आमटी, आहेच.

काय कच्चं खायचं नाही

राजमा कधीही नाही, मोड आलेलाही नाही. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन उकळल्याशिवाय जात नाही आणि चार-पाच दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात. वाल आणि आळसांदे, म्हणजे चवळी, हेही शिजवूनच. अळू, तेरें म्हणजे रानातलं अळू, सुरण यांत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे कण असतात, घसा खवखवतो तो त्यामुळे. शिजवताना सोलां किंवा आमाड्यांसारखी आंबट फळं घालायची रीत त्यासाठीच. हिरवट पडलेला बटाटा शिजवूनही नको. पावसातली रोयणीची, म्हणजे वारुळावरची, अळमीं (अळंबी) कितीही ताजी असली तरी शिजवूनच खायची. ओले काजू सोलताना टरफलाच्या चिकाने कातडी भाजते, म्हणून हाताला खोबरेल लावून सोला, आणि गर धुतल्याशिवाय तोंडात टाकू नका.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी करमलां खाऊ नयेत. चांदणीसारखं दिसणारं हे आंबट फळ निरोगी माणसाला बेताने खाल्लं तर सहसा काही करत नाही, पण मूत्रपिंड अधू असेल तर त्यातला विषारी घटक बाहेर पडत नाही आणि उचकी, गोंधळ, झटके इथपर्यंत वेळ येऊ शकते. बिंबलां या आंबट फळांचा रसही पोटभर पिऊ नये, त्यात ऑक्सलेट फार. शहाळ्याचं पाणीही अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, रोज साधारण सारखी ठेवा, नाहीतर औषधाची मात्रा चुकते. साखरेच्या गोळ्या चालू असतील आणि भात कमी करणार असाल तर तेही डॉक्टरांना सांगूनच.

सुरुवात कशी करावी

पहिला आठवडा फक्त दुपारच्या जेवणात एक वाटी करम, तेही सोललेल्या भाजीचं: तवशें, गाजर, मुळा. पोटाला सवय होऊ द्या आणि नीट चावून खा. दुसऱ्या आठवड्यात सकाळी एक फळ आणि आठवड्यातून दोनदा सोलकढी. तिसऱ्यात कच्च्या पालेभाजीला हात घाला, तोवर धुण्याचा हात बसलेला असतो. मोड सगळ्यात शेवटी. पोट फुगलं तर वाटी अर्धी करा, सोडू नका.

वाढताना करम आधी वाढा, भात मागाहून. आमच्याकडे हीच एक युक्ती सासऱ्यांना लागू पडली. आधी भाताचा ढीग असायचा आणि कोपऱ्यात चमचाभर करम. आता ताट घेऊन बसले की पहिली पाच मिनिटं त्यांच्यासमोर फक्त करमाची वाटी असते, ती संपल्यावर मी भाताचा टोप आणते. तोवर भूक निम्मी झालेली असते, आणि डावभर भातावर ते "पुरे" म्हणतात.